लिहून देणार, लिहून घेणार

मराठी मध्यमवर्गीय माणूस ज्योतिष्याकडे शिंक येण्याआधी जातो, डॉक्टरकडे शिंक आल्यावर जातो आणि वकिलाकडे न्यूमोनिया झाल्यावर जातो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण त्याने इतकी मनावर घेतली आहे, की कोर्टाच्या पायरीबरोबर वकिलाच्या ऑफिसचा जिनाही त्याने वर्ज्य करून टाकला. तो जिना झेरॉक्सच्या दुकानाशेजारून वर जातो, भर दुपारी अंधारा असतो आणि चढताना कोणी ओळखीचं भेटलंच तर 'काय, भावाशी बिनसलं वाटतं?' असं हमखास विचारतं. त्यामुळे राहतं घर गहाण टाकून त्यावर माडी चढवायची, हा जन्मातला सगळ्यात मोठा व्यवहार हा माणूस मेहुण्याच्या सल्ल्याने करतो. मेहुणा एलआयसीत असतो.

या माणसाला तात्या म्हणू. तात्या कोणी एक गृहस्थ नव्हेत; सांगली, सातारा, नाशिक, अकोला, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी प्लॉटधारकांच्या सोसायटीत ते सापडतात. त्यांचा तळमजल्याचा बंगला ऐंशीच्या दशकात वडिलांनी बांधलेला असतो. जिना गच्चीपर्यंत गेलेला असतो आणि गच्चीवर 'पुढेमागे वर चढवू' म्हणून कॉलमच्या सळया बाहेर ठेवलेल्या असतात. चाळीस वर्षं त्या सळयांना वाळत घालायची दोरी बांधली जाते. मग मुलाचं लग्न ठरतं आणि घरातल्या सगळ्यांची नजर एकाच वेळी त्या सळयांकडे वळते.

कर्जाचं बोलणं करायला बँकेकडून एक मुलगा येतो. गळ्यात टाय, हातात टॅब, तोंडात 'काका'. "काका, टेन्शनच नका घेऊ. मॉर्टगेज करून टाकू, आठवड्यात पैसे खात्यात." इथेच घोडं पेंड खातं, आणि ते तात्यांच्या लक्षातही येत नाही. घर तारण ठेवून काढायचं सर्वसाधारण कर्ज वेगळं आणि घर वाढवण्यासाठी मिळणारं गृहकर्ज वेगळं. पहिल्याला फारशा चौकश्या नसतात, पैसे एकरकमी हातात पडतात, पण व्याज बहुतेक ठिकाणी चढं असतं. दुसऱ्याला मंजूर नकाशा लागतो, अंदाजपत्रक लागतं, पैसे स्लॅब पडेल तसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि व्याज कमी असतं. वीस लाखांचं कर्ज, पंधरा वर्षांची मुदत; साडेआठ टक्के आणि साडेदहा टक्के यांत महिन्याच्या हप्त्याचा फरक सुमारे २,४०० रुपये पडतो, म्हणजे मुदतीअखेर चार लाखांच्या वर. मुलाला नकाशाच्या मागे धावायचा कंटाळा असतो, त्याचं महिन्याचं टार्गेट असतं, आणि तात्यांना 'आठवड्यात' हा शब्द आवडलेला असतो. वकिलाने फक्त एवढंच विचारलं असतं, "कर्ज कशासाठी घेताय ते अर्जात काय लिहिलंय?" तर त्याची फी तिथल्या तिथे वसूल झाली असती.

फाईल पुढे सरकते आणि वकील एकदाचा येतो. तो बँकेच्या पॅनेलवरचा असतो. तात्या मेहुण्याला सांगतात, "वकील बँकच देते, आपल्याला वेगळा करायला नको." त्याची फी प्रोसेसिंगच्या खर्चात तात्यांच्याच खात्यातून वळती होते, हे पासबुक भरून आल्यावर कळतं. अहवालावर मात्र 'प्रति, शाखाधिकारी' असं लिहिलेलं असतं आणि त्याची प्रत तात्यांनी मागितली तर शाखाधिकारी असे बघतात, की जणू तात्यांनी तिजोरीची किल्ली मागितली. पॅनेलच्या वकिलाला बँकेने विचारलेला प्रश्न एकच: हप्ते थकले तर हे घर आपल्याला विनाकटकट विकता येईल का? तो बिचारा या प्रश्नाचं उत्तर चोख देतो. हप्ते थकू नयेत म्हणून करारात काय असावं, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. हॉटेलात बिल आपण भरावं आणि वेटरने शेजारच्या टेबलाची ऑर्डर घ्यावी, त्यातली गत.

मग सुरू होतो सर्च. 'तीस वर्षांचा सर्च' हे शब्द तात्यांनी ऐकलेले असतात, पण तीसच का, हे त्यांच्या सोसायटीत कोणालाच माहीत नसतं. १९६३च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घेण्याचा दावा लावायला तीस वर्षांची मुदत आहे. सरकारला आपल्या हक्कासाठी दावा लावायचा तर त्यालाही साधारण तीसच. तीस वर्षं मागे जाऊन पाहिलं की जुनी भुतं बहुतेक निकालात निघतात, असा हिशेब. त्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात इंडेक्स टूची पुस्तकं चाळावी लागतात. अलीकडची वर्षं आता संगणकावर दिसतात. त्याआधीची पुस्तकं मात्र तिथे कपाटात उभी असतात. पानांच्या कडा बोटांनी चॉकलेटी झालेल्या, काहींचे कोपरे वाळवीने वाटून घेतलेले, आणि शाईतलं 'बक्षीसपत्र' आहे की 'बक्षीपंत' आहे यावर शोध घेणाऱ्याने स्वतःचं मत बनवायचं.

या शोधातून जो अहवाल निघतो तो मराठी विनोदी वाङ्मयात मोजायला हवा. पहिल्या पानावर 'काही वर्षांची पुस्तके फाटलेल्या स्थितीत असल्याने, तर काही बांधणीस गेलेली असल्याने पाहता आली नाहीत' असं लिहिलेलं असतं आणि शेवटच्या पानावर 'सबब सदर मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे' असा दाखला असतो. मधल्या पानांत वर्षांची यादी आणि प्रत्येक वर्षापुढे 'निरंक'. पाहता न आलेल्या वर्षांपुढे काय लिहायचं, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या शैलीवर सोडलेलं असतं.

तात्या या निमित्ताने वडिलांचं खरेदीखत जन्मात पहिल्यांदा वाचतात. त्यात दोनच पात्रं: लिहून देणार आणि लिहून घेणार. चतुःसीमा दिलेल्या असतात: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांची पडीक जागा, पश्चिमेस ओढा, उत्तरेस बाभूळ. आज पडीक जागेवर मंगल कार्यालय आहे, ओढ्यावर रस्ता झालाय आणि बाभूळ कुठे होती हे सांगणारे गृहस्थ १९९० सालीच गेले. पुढे वाचावं तर मिळकत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह' दिलेली. महिन्यातून चार दिवस टँकर मागवणाऱ्या तात्यांना 'जल' वाचून भरून येतं. निधी-निक्षेप वडिलांना खरोखरच सापडला असता, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरचा ऐवज कलेक्टरला कळवावा लागला असता, ही माहिती वकील त्यांना फी न घेता देतो.

घोडं खऱ्या अर्थाने अडतं ते पुढे. वडील जाऊन बारा वर्षं झाली. मालमत्ता पत्रकावर वारस म्हणून आई, तात्या, धाकटा भाऊ आणि बहीण अशी चार नावं लागलेली. आई मागच्या वर्षी गेली, तिचं नाव तसंच आहे. घर मात्र 'आपलंच'. तात्या वकिलाला ठासून सांगतात, "बहिणीचं लग्न पंचाण्णव सालीच झालं. दोन हजार पाचचा कायदा तिला लागत नाही."

"तात्या," वकील चष्मा पुसत म्हणतो, "बंगला वडिलांनी पगारातून बांधला ना?"

"पै-पैचा हिशेब आहे! नोकरीतल्या पैशातून."

"मग दोन हजार पाचकडे जायचं कारणच नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि ती छप्पन्न सालापासून."

तात्यांचा जन्मच छप्पन्नचा. म्हणजे ते आणि हा कायदा एकत्रच वाढले; ओळख व्हायची राहून गेली. महाराष्ट्रात २००५ या सालाभोवती जेवढा गैरसमज आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या सालाभोवती असेल. ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने मुलासारखा हक्क दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तात्यांच्या बंगल्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही. तिथे १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदाच पुरेसा आहे. बहिणीच्या लग्नात दिलेला स्टीलचा भांड्यांचा सेट आणि फ्रीज यांना या कायद्यात वाटणीचा दर्जा नाही.

आता दोन वाटा. बहिणीने आणि भावाने कर्जाच्या कागदांवर सहगहाणकर्ते म्हणून सह्या करायच्या, नाहीतर हक्कसोडपत्र करून द्यायचं. दुसरी वाट तात्यांना सोपी वाटते. "शंभराच्या बाँडवर लिहून घेतो, नोटरी आपल्या गल्लीतच आहे." शंभर-दोनशेच्या मुद्रांकाचा जमाना २०२४च्या ऑक्टोबरात संपला, आता पाचशेपासून सुरुवात; आणि हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर नोटरीच्या लाल शिक्क्याने ते देखणं होतं, चालत मात्र नाही. त्यासाठी बहिणीला दुय्यम निबंधकांपुढे येऊन अंगठा आणि फोटो द्यावा लागतो. फोन लावला जातो. बहीण समजूतदार असते. "दादा, मी कुठे नाही म्हणतेय? तू म्हणशील तिथे सही करते." मग थोडं थांबून, "पण आईच्या पाटल्यांचं शेवटी काय झालं रे?"

पाटल्यांची भानगड कुठलाही पॅनेल वकील अहवालात लिहीत नाही, पण निम्म्या कर्जांच्या फायली तिथेच आठ-आठ महिने झोपतात. स्वतःचा वकील असेल तर तो इथे एक अडचणीची गोष्टही बोलतो: बहिणीने सहगहाणकर्ती म्हणून सही केली, तर तात्यांचे हप्ते थकल्यावर तिचाही हिस्सा जाईल, तेव्हा तिने तिचा सल्ला वेगळा घ्यावा. तात्यांना हे ऐकून वकील फितूर झाल्यासारखा वाटतो. तिला तर फी द्यायचीही गरज नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्न कोणी विचारत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आवारात त्या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, १५१०० हा फोन नंबर आहे. पाटी मोठी असते. तिच्याखाली उभं राहून लोक 'चांगला वकील कोण?' असं चहावाल्याला विचारतात.

धाकटा भाऊ न्यूजर्सीत. तो व्हॉट्सअॅपवर 'माझी पूर्ण संमती आहे' असं लिहून वर हात जोडल्याचं चित्र टाकतो. बँक ते चित्र तारण म्हणून घेत नाही. त्याने कुलमुखत्यारपत्र करायचं, न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. तात्या ते पाकीट गणपतीच्या फोटोमागे सुरक्षित ठेवतात. चौथ्या महिन्यात काढतात.

इथवर सगळं पार पडलं की प्रत्यक्ष गहाणाचा दिवस उजाडतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार आहेत. गावाकडच्या लोकांना त्यातले काही कायद्याआधीपासून पाठ होते: नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी. यातली मुदतखरेदी सगळ्यांत खतरनाक. कागदावर विक्री, तोंडी 'पैसे आणून द्या, जमीन परत घ्या', आणि मुदत टळली की तोंडी भाग सावकाराच्या स्मरणातून जायचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले त्याच्या वाटेला लोक सहसा गेले नाहीत. राग माणसापेक्षा कागदावर होता. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने गावोगाव दस्त लिहून घ्यायला निबंधक नेमले, तडजोडीसाठी सलोखेदार नेमले आणि सलोखेदारापुढे वकिलाला उभं राहायची मनाई केली. वकिलाशिवाय न्याय लवकर होईल, ही समजूत सरकारदरबारीही होती म्हणायची. तात्या एकटेच दोषी नाहीत.

शहरातल्या बँका मात्र सहांपैकी एकाच प्रकारावर फिदा: हक्काचे मूळ कागद सावकाराकडे नेऊन ठेवले की झालं गहाण. इंग्लंडच्या न्यायालयाने ही पद्धत १७८३ साली रसेल विरुद्ध रसेल या खटल्यात मान्य केली. आपल्याकडे ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या व्यापारी बंदरांना सवलत म्हणून आली, पुढे सरकारी अधिसूचनांनी इतर शहरांत पसरली. मिळकत कुठेही असो, कागद अधिसूचित शहरात ठेवले पाहिजेत, एवढीच अट.

हा विधी पाहण्यासारखा असतो. तात्या कापडी पिशवीतून फाईल काढतात. मॅनेजर त्यांना बसवतात आणि सांगतात की फाईल 'हेतुपूर्वक' माझ्या हातात द्या. तात्या देतात. पाठवून चालत नाही, मुलाने नेऊन चालत नाही; हेतू तात्यांचा, तेव्हा हातही तात्यांचेच लागतात. त्या क्षणी बंगला गहाण पडतो. वाजंत्री नाही, सही नाही. मग बँकेच्या एका रजिस्टरमध्ये भूतकाळात नोंद होते, की अमुक दिवशी अमुक इसम स्वतः आले व त्यांनी कर्जाला तारण म्हणून कागद ठेवले. दुसऱ्या दिवशी तात्यांनी बँकेला पत्र द्यायचं: 'काल मी आपल्याकडे आलो होतो व कागदपत्रे ठेवून गेलो.' या पत्राचा मसुदा बँकेने आदल्याच दिवशी छापून, उद्याची तारीख घालून सहीसाठी पुढे केलेला असतो. म्हणजे तात्या आज येऊन, उद्याच्या तारखेने, काल आलो होतो असं लिहून देतात. आइन्स्टाइनने बँकेत खातं उघडलं असतं तर सापेक्षतेचा सिद्धान्त त्याला बराच लवकर सुचला असता.

इतक्या आडवळणाला कारण आहे. शंभर रुपयांच्या वरच्या बाकी गहाणांचा दस्त नोंदवावा लागतो, यातून या पद्धतीला सूट. कागदाने गहाण निर्माण केलं असं वाटू नये, म्हणून कागद फक्त घडलेली गोष्ट सांगतो. या सुटीचा फायदा घेऊन काही हुशार मंडळींनी एकाच फ्लॅटच्या 'मूळ' कागदांचे तीन-तीन संच करून तीन बँकांत हेतुपूर्वक ठेवले. म्हणून २०११मध्ये अशा गहाणांची देशपातळीवर नोंद ठेवणारी सरसाई ही यंत्रणा आली, आणि १ एप्रिल २०१३पासून महाराष्ट्रात तीस दिवसांत दुय्यम निबंधकांकडे नोटीस दाखल करणं कर्जदारावर बंधनकारक झालं. कर्जदारावर, हे नीट वाचायला हवं. तात्यांना वाटतं बँक करेल, बँकेतल्या मुलाची तोवर नागपूरला बदली झालेली असते.

यानंतर तात्या मिस्त्रीला बोलावतात आणि जिन्याची भिंत पाडायला सांगतात. ती भिंत आता तारण आहे. तारणाची किंमत घटेल असं काही करायचं नाही, हे करारात लिहिलेलं. म्हणजे घर वाढवायला घेतलेल्या कर्जासाठी गहाण टाकलेली भिंत, घर वाढवण्यासाठी पाडायची तर आधी बँकेची परवानगी. आणि नवी माडी? ती तरी आपली? १८८२च्या कायद्याचं सत्तरावं कलम म्हणतं, की गहाणानंतर मिळकतीत जी भर पडेल तीही, वेगळा करार नसेल तर, तारणातच धरायची. तात्यांच्या मुलाची बेडरूम प्लास्टर व्हायच्या आधीच गहाण पडते. सूनबाईंना हे लग्नानंतर सावकाश सांगावं असं ठरतं.

वरच्या मजल्याच्या परवानगीबाबत तात्यांचं एक ठाम मत आहे. बांधून टाकायचं, घरपट्टी लावून घ्यायची. घरपट्टीची पावती मिळाली की बांधकाम पक्कं. महाराष्ट्रातल्या निम्म्या गच्च्यांवर हेच शास्त्र चालतं. घरपट्टी ही वापराबद्दलची आकारणी, तिने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. उलट अवैध बांधकामावर दुप्पट आकारणीची तरतूद महापालिका कायद्यात आहे, आणि 'शास्तीकर' हा शब्द पिंपरी-चिंचवडमध्ये शाळकरी पोरालाही माहीत आहे. गावठाणात हीच श्रद्धा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर असते. तोही कराचाच. घरांना खऱ्या अर्थाने मालकीचा कागद मिळावा म्हणून २०२०मध्ये स्वामित्व योजना आली आणि गावावरून ड्रोन फिरले. ड्रोन दिसताच काहींनी घाईघाईने पत्र्याची शेड दोन हात पुढे सरकवली, असं गावोगाव हसून सांगतात. गुंठेवारीतल्या प्लॉटवाल्यांना २००१चा कायदा आहे, २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची प्रकरणं त्यात आली. आपलं घर यातल्या कोणत्या खणात बसतं हे कळायलाच अर्धा दिवस वकिलापुढे बसावं लागतं.

तात्या म्हणतात, "बँकेने कर्ज दिलं म्हणजे परवानगी असणारच की." १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या बेकायदा बांधकामाच्या प्रकरणात बँकांनाही बजावलं, की इमारतीच्या तारणावर कर्ज देण्याआधी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासा. तेव्हापासून बँका ऐंशीच्या दशकातल्या बंगल्यांचे भोगवटा दाखले मागू लागल्या आहेत. तात्यांकडे वडिलांची सिमेंटच्या परमिटची पावती आहे, ज्या वाण्याकडून सळई आणली त्याचं बिल आहे, वास्तुशांतीच्या निमंत्रणपत्रिका तर पंचवीस शिल्लक आहेत. भोगवटा दाखला नाही. वडिलांनी घराचा भोगवटा घेतला, दाखला घ्यायला विसरले.

सह्यांच्या दिवशी तात्यांच्या पुढ्यात दोनशे पानी पुडकं येतं. जिथे जिथे पेन्सिलीची फुली, तिथे तिथे सही. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जदाराला एक मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात वार्षिक एकूण खर्च, सगळी शुल्कं एकत्र, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागायचा हक्क आहे. मागितलं तर शाखेत आधी शोधाशोध होते, मग जी मराठी प्रत येते तिच्यात 'अस्थिर व्याजदर पुनर्स्थापना वारंवारिता' अशी ओळ असते. तात्या मुकाट इंग्रजी प्रत मागतात. पुडक्यात मधोमध कर्जाच्या रकमेवरचा एकरकमी हप्त्याचा विमाही असतो. तो सक्तीचा नसतो, हे मेहुण्याला ठाऊक आहे, पण तो दुसऱ्याच कंपनीचा आहे हे कळल्यावर त्याला जे दुःख होतं त्यात कायद्याचा मुद्दा बाजूला राहतो.

हप्ते थकले तर काय, हा प्रश्न शुभकार्यात कोणी विचारत नाही. २००२च्या सरफेसी कायद्याने बँक न्यायालयात न जाताच साठ दिवसांची नोटीस देते आणि नंतर ताबा घेऊ शकते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे साठ दिवस बहुतेक तात्या त्या नोटिशीवर ओळखीच्या नगरसेवकाची सही आणण्यात घालवतात. इथे मात्र वकील लागतोच, आणि आता त्याची फी माडीच्या टाइल्सइतकी होते.

तात्या तसे सरळ. ते हप्ते भरतात, निवृत्तीच्या पैशातून कर्ज मुदतीआधीच फेडतात. व्याजदर बदलता आणि कर्ज घरगुती असल्याने मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, हे त्यांना या वेळी आधीच माहीत असतं. १ डिसेंबर २०२३पासूनचा नियमही पाठ असतो: पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत, उशीर झाला तर बँकेकडून दिवसाला पाच हजार. एकतिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला ते शाखेत हजर होतात. बँकेला उशीर व्हावा अशी मनोमन प्रार्थना करणारा हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव दिवस. फाईल काउंटरवर तयारच असते, मॅनेजर म्हणतात, "काका, अठ्ठावीस दिवसांपूर्वी मेसेज टाकला होता."

मालमत्ता पत्रकावरचा बोजा कमी करायला वेगळा अर्ज लागतो, सोबत बँकेचा दाखला जोडावा लागतो, हे सांगायला त्या वेळी शेजारी कोणी नसतं. 'कर्ज निरंक' पत्र लॅमिनेट होऊन कपाटात जातं. पुढे मुलाला चारचाकीच्या धंद्यासाठी बंगल्यावर कर्ज काढायचं असतं, तेव्हा नव्या पॅनेलचा नवा वकील नवा सर्च घेतो आणि बोजाच्या रकान्यावर बोट ठेवतो. ज्या बँकेचा बोजा, ती तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखेच्या जागी मोबाईलचं दुकान. मुलगा मेहुण्याला फोन लावतो. मेहुणा म्हणतो, "यात वकील कशाला? मी आहे ना."